कॉपी वाचताना

दर पाच मिनिटांनी माझा आवाज बसतो.
तीस सेकंद. मग परत येतो.
रणपिसे आता मान वर करत नाहीत,
लाल पेन कागदावरून उचलतात फक्त
आणि थांबतात.

अप्पा बळवंत चौकाच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर,
मी मूळ प्रत मोठ्यानं वाचते, ते प्रूफ तपासतात.
दहावीचा भूगोल. नदी, द दीर्घ, स्वल्पविराम,
खोरे, पूर्णविराम.

डाव्या हासळीच्या हाडाखाली
काड्यापेटीहून लहान यंत्र आहे.
त्याची तार मानेतल्या नसेला गुंडाळलेली.
ते आत टकटक करतं, वाटेत घशाला धक्का लागतो.

डॉक्टर मंत्री म्हणाले, कापता येणार नाही.
पाच दिवस डोक्याला तारा चिकटवून
कॅमेऱ्यासमोर झोपवलं, तेव्हा कळलं,
आकडी निघते तिथूनच शब्दही निघतात.
आई म्हणाली, शब्द राहू देत.
मला कुणी विचारलं नव्हतं.
मीही तेच म्हणाले असते. बहुतेक.

त्याआधी अकरा वर्षं, चार प्रकारच्या गोळ्या.
दांडेकर पुलाच्या स्टॉपवर पडले तेव्हा
कुणी चप्पल हुंगवली, कुणी कांदा फोडला,
एका रिक्षावाल्यानं मुठीत किल्ल्या कोंबल्या,
"लोखंड द्या हातात, लोखंड!"

आता मनगटावर चुंबक असतं.
येतेय असं वाटलं की छातीवरून फिरवायचं.
संध्याकाळी उठते तेव्हा त्याला
टाचण्या, स्टेपलरच्या पिना लटकलेल्या.
रणपिसे एकेक काढून डबीत टाकतात.
लोखंड आपणहून येतं हल्ली.

महिन्याला नऊ होत्या, आता तीन.
डॉक्टर करंट पाव-पाव वाढवतात,
आठवडाभर खोकला, मग सवय.
शून्य कुणी कबूल केलं नव्हतं.

गुरुवारी वाचता वाचता मधलीच ओळ गेली.
परत आले तेव्हा जमिनीवर, कुशीवर,
डोक्याखाली रणपिशांचा स्वेटर.
ते घड्याळाकडे बघत होते.
"एक मिनिट वीस," म्हणाले, माझ्या वहीत लिहिलं,
खाली वाकून चहा सांगितला.
मग चष्मा पुसत,
"तुम्ही नव्हता तेवढ्यात एक चूक सापडली.
यांनी भीमा पश्चिमेला वाहवली आहे."

जीभ चावलेली, दुखत होती.
मी आवाज यायची वाट बघितली.
म्हणाले, वळवा तिला.