वाऱ्याचा नेम

ऑक्टोबर लागला की पुंता अरेनासच्या चौकात
दोर बांधतात, माणसांनी धरून चालायला.
तो धरून मी कामावर येते :
कुलपांच्या दुकानावरची खोली, एक हीटर, दोन स्क्रीन,
आणि मिर्कोनं रंगवलेली पत्र्याची छपरं,
लाल, मोरपंखी, एक गंजलेलं.
त्या छपरांवरून आमची पोरगी पळते
उडालेल्या टोप्यांच्या मागे.
तिच्या हातात बोलास : तीन गोटे, तीन वाद्या,
एका गाठीत.

पहिल्या दिवशी तिनं फेकलं ते थेट पायाखाली.
स्क्रीनवर वर जायचं तर आकडा कमी करावा लागतो,
हे मला पाठ आहे, हाताला नाही.
एक वजा चिन्ह घातलं. बोलास आभाळात गेलं
आणि परत आलंच नाही;
गुरुत्वाकर्षण लिहायचं राहिलं होतं.
मिर्को म्हणाला, राहू दे की.
एक तरी गोष्ट सुटली इथून.

मग कोन. खांद्यापासून माउसच्या टोकापर्यंत
रेघ धरायची, तिचा कल काढायचा,
वेगाचे दोन वाटे करायचे, आडवा नि उभा,
उभ्याला दर फ्रेमला थोडं थोडं खाली ओढायचं.
फेकण्याआधी सतरा ठिपके दिसतात
कमानीत, फिकट होत गेलेले :
इथून जाईल, इथून, इथं पडेल.
ठिपके खरं बोलत होते.
तेव्हा वारा नव्हता.

वारा म्हणजे एक आकडा. पश्चिमेचा, म्हणून अधिक.
पाऊस म्हणजे रेघा, वाऱ्याइतक्या तिरप्या.
बर्फ म्हणजे तीनशे चौकोनी कण;
खालून बाहेर पडला की तोच उचलून वर ठेवायचा,
रोज नवा कुठून आणणार.

रविवारी एलेओदोरोमामा आला.
चाळीस वर्षं मेंढ्यांमागे काढलेला,
लोकर कातरताना दोन बोटं गेलेला.
कोट काढला नाही. उरलेल्या तीन बोटांनी माउस धरला
आणि बराच वेळ नुसता बर्फ बघत राहिला.
"मोजलेलीच मेंढरं पुन्हा मोजतेयस," म्हणाला.
मग : "आणि हा वारा होय? हा तर पंखा.
वारा दम खातो, पोरी.
तो दम खातो तेव्हा तू सरळ उभी राहतेस,
आणि तेव्हाच तो पाडतो."

वाऱ्याचा काही नेम नसतो, हे म्हणायला सोपं.
तो नसलेला नेम लिहायचा कसा?
दोन लाटा घेतल्या, एक लांब, एक आखूड,
मधेच एक फासा टाकला, आकडा त्यांच्या हवाली केला.
कण जरा घुटमळले.
मग सगळे एकदम आडवे धावले.
मामानं बेरे डोक्यावर घट्ट दाबली, खोलीतल्या खोलीत.

त्यानं फेकलं. ठिपके म्हणाले लाल छप्पर,
बोलास धुराड्यावरून स्क्रीनच्या पार.
पुन्हा फेकलं. पुन्हा.
चौथ्या वेळी मला दिसलं :
ठिपके एका जागी मोजले जातात, फेक दुसऱ्या,
आणि वारा मी फक्त दुसरीकडे घातला होता.
"थांब मामा, चूक माझी.
ठिपक्यांना वारा ठाऊकच नाही."
"तुला असतो?"

ठिपक्यांकडे बघणं त्यानं सोडून दिलं.
बर्फाकडे बघितलं. बर्फ कललेला असताना
टोपीला सोडून बरंच डावीकडे,
काहीही नसलेल्या आभाळावर त्यानं नेम धरला.
बोलास निघालं, वाकलं,
आणि टोपी हवेतच थांबली.
त्याला आनंदबिनंद झाला नाही. म्हणाला, चहा आहे का.

'ठिपक्यांत वारा घालणे' ही ओळ
मिर्कोनं उरलेल्या कामांत लिहिली,
मी खोडली, त्यानं परत लिहिली.
अजून आहे तिथेच.

रात्री दोर धरून निघालो. मामा पुढे,
कोटाची शिवण ताणलेली, अंग वाऱ्यात झोकलेलं.
बँकेच्या कोपऱ्यावर वाऱ्यानं दम खाल्ला.
मी सरळ झाले.
मामा झाला नाही.