पट्टी

बावीस वर्षं मी तुमच्या पडद्याच्या तळाशी सरकत होतो,
उजवीकडून डावीकडे.
तुम्ही मला ओळखत नाही, पण
"दत्त नगर, चाटला चौक : उद्या पहाटे चार ते साडेपाच"
एवढं वाचून रात्रीच घागरी मांडल्या असतील
तर आपली ओळख आहे.

म्याकल केबल. अशोक चौकात टॉवेलच्या गोडाऊनवर
दीड खोली. कॉम्प्युटरला जुन्या चादरीचा बुरखा,
आणि नरसय्या मालक, कानावर पेन्सिल,
हिशोब तेलुगूत, शिव्या मराठीत,
वसुलीला होटगी रोडला गेला की कन्नड.

पाणी पाच दिवसांनी यायचं, पट्टी रोज.
पाण्यामागून हरवलेली माणसं
(अंगात निळा शर्ट, बोलताना अडखळतो),
त्यांच्यामागून दशक्रिया,
आणि तिला खेटूनच कुणाचा तरी पहिला वाढदिवस.
एकदा माझ्या हातून ओळ सरकली,
शुभेच्छा जाऊन बसल्या मयताच्या नावाला.
घरचे भांडायला आले, सात जण, जिना भरला.
मागून म्हातारी म्हणाली, असू द्या रे,
जिवंतपणी कोणी दिल्या नव्हत्या.

दुपारी दोनला तेलुगू पिक्चर.
विडी घरकुलात तो कोणी बघत नसे.
मान खाली, मांडीवर सूप, पान, तंबाखू, दोरा,
हजारात दहा-वीस छाट निघू नये म्हणून
डोळे बोटांत. कान तेवढे टीव्हीत.
सत्तम्मा येमुलला हिरोचं तोंड माहीत नव्हतं,
पण रडणं कुठल्या पेटीवरून सुरू होणार
हे तिला हिरोइनीच्या आधी कळायचं.

नव्या मालकांचा माणूस आला, पोरगाच,
वही उघडून म्हणाला, दुपारी प्रेक्षक किती?
मी म्हणालो, प्रेक्षक नाहीत.
त्याने शून्य लिहिलं.
पुढचं वाक्य माझ्या तोंडात होतं.
चहा आला, राहून गेलं.

सही झाली ती एका थंडगार हॉटेलात.
नरसय्याने पेन त्यांचं वापरलं नाही,
कानावरची पेन्सिल काढली, मग लाजला.
संध्याकाळी मला म्हणाला, का बे, जेवलास का?
आणि वाढदिवसाच्या फोटोंचा ड्रॉवर
तसाच्या तसा माझ्या हातात दिला,
न नेलेले फोटो, मागे नावं, काही आता बाप झालेली.

आता चोवीस तास खरेदी.
कढई, कंबरपट्टा, नशिबाची अंगठी.
पट्टी आहे अजून, पण ती बाहेरगावी टाईप होते,
तिकडच्या बोटांना आपलं गाव ठाऊक नाही.
परवा लिहून आलं, साखर पेट.
चौकात सगळे हसले. कुणीतरी म्हणालं,
शुक्रवार पण पेट, भवानी पण पेट, पेटू दे एकदाचं.
मी हसलो नाही. ठ साठी शिफ्ट दाबावं लागतं,
एवढंच तर काम होतं माझं.

रात्री साडेनऊला घरचा फोन वाजतो.
नंबर कुणी दिला देव जाणे. पाणी कधी हो?
मी म्हणतो, मी सोडलंय ते.
मग व्हॉल्व्हवाल्या रफिक जमादारला विचारतो,
आणि परत फोन करून सांगतो. एकेका घराला.
पट्टीपेक्षा वेळ लागतो.

काल घरकुलात गेलो होतो, डबे पोचवायला.
सत्तम्माने टीव्ही बदलला नाहीये.
तोच चॅनेल, तोच सूर, फक्त आज घ्या, फक्त आज घ्या.
तिने वर न बघताच विचारलं,
तासभर झाला, हा नुसता कढई कढई करतोय.
घरात भांडण झालंय का त्याचं?
बायको कधी येते?