पेव

वखारभागात, दुसऱ्या मजल्यावर,
हळदीच्या धुळीनं पिवळ्या पडलेल्या कीबोर्डवर
आम्ही दोघांनी तो लिहिला, मी आणि सुकुमार मगदूम.
पोती, वजन, तूट, अडत, हमाली.
नाव ठेवलं 'पेव',
हरिपूरच्या जमिनीतल्या त्या खोल पोटांवरून.
आणि कोड उघडा ठेवला,
कारण त्यात चोरण्यासारखं काही आहे
असं तेव्हा आम्हालाच वाटत नव्हतं.

बारा वर्षांनी पत्र आलं:
कंपनी स्वतःचेच शेअर परत विकत घेऊ इच्छिते.
दर बरा होता.
बाकी कुणी दिले नाहीत, मी माझे वीसच्या वीस दिले.
सीए उपाध्ये चष्मा पुसत म्हणाले,
बाई, विकलेलं कुणाच्या तरी हाती जातं,
हे कुणाच्याच हाती जात नाहीत. रद्द होतात.
शंभराचे ऐंशी राहिले.
सुकुमारचे चाळीस जागचे हलले नाहीत,
तरी तो सकाळी उठला तो निम्म्याचा मालक होऊन.
रुमालाखाली बोटं धरून सौदा व्हावा तसं झालं.
कुणी बोललं नाही.

चेक बँकेत टाकला. वांग्याची भाजी केली.
रात्री 'पेव'ची प्रत काढली, पहिल्या ओळीपासून सगळी.
परवान्यात होतंच: घ्या, बदला, नाव वेगळं द्या.
ते वाक्य माझंच.
बेणं दिलं की देणाऱ्याचा ढीग तेवढा उतरतो,
इथं तेही नाही.
त्याच्याकडची एक ओळ कमी झाली नाही
आणि माझ्याकडं अख्खं पेव.
नाव ठेवलं 'बगलगड्डा'. एकटीच हसले.

पंधरा दिवसांत तासगावहून फोन, बेदाण्याच्या शीतगृहातून:
मॅडम, पोत्यामागं पावशेर कमी दाखवतंय.
शोधलं. ओळ चारशे बारा.
माझीच चूक, जुनी, अपूर्णांक खाली ओढलेला.
म्हणजे ती तिकडंही असणार,
त्या ऐंशी शेअरांच्या तळाशी, बिनबोभाट.

दुरुस्त केली.
मग बराच वेळ बसून राहिले.
खाली हमाल ट्रकमधून पोती उतरवत होते,
एकजण मोठ्यानं मोजत होता, मध्येच चुकला,
पुन्हा पहिल्यापासून.

दुरुस्ती सुकुमारलाही पाठवली.
ना नमस्कार, ना खुशाली.

दुसऱ्या दिवशी त्याच्या नोंदीत दिसलं: 'स्वीकारली.'
खाली माझं नाव. पद्मलचं पद्मला.
ते तो पहिल्यापासूनच चुकवायचा.