पासंग

दोन्ही तर्जन्यांच्या टोकांवर
उचलून धरते मी पंख,
पुढच्या कडेपासून पंचाहत्तर मिलिमीटरवर,
जिथे हेरंबदादानं बॉलपेननं ठिपके काढून ठेवलेत.
शेपूट खाली बसते,
डबक्यात बसलेल्या म्हशीसारखी.
उठायचं नावच नाही.

साहजिक आहे. तीनदा मोडली ही शेपूट,
तीनदा जोडली आम्ही,
आणि दर वेळी गोंद जरा जास्तच लावला,
मायेनं म्हणा, घाईनं म्हणा.
गोंदालाही वजन असतं
हे तिसऱ्यांदा कोसळल्यावर कळलं.

शेपटीजड विमान उडत नाही असं नाही.
हातात राहत नाही.
स्टिक केसभर ओढावी
तर नाक थेट आभाळात खुपसतं,
तिथेच थबकतं,
काय विसरलो ते आठवत असल्यासारखं,
आणि मग येतं खाली.

नया बाजारातल्या टायरवाल्या इरशादभाईंनी
चाकाला लावायच्या शिशाच्या पट्ट्या दिल्या,
मूठभर, फुकट.
'हवाई जहाज का भी बैलेंसिंग होता है?'
होतं. आधी बॅटरी पुढे सरकवायची
मोटरमागच्या फळीला टेकेपर्यंत.
तेवढ्यानं भागलं नाही तर शिसं.
शेपटीतल्या एका ग्रॅमला
नाकात तीन.

आई मेथी निवडता निवडता बघते.
तिचा जुना शब्द आहे, पासंग.
दादाच्या पासंगालाही पुरायची नाहीस तू.
गणितात, पोहण्यात, माणसं जोडण्यात.
दादा आता होसूरला,
विमान माझ्याकडे.

पट्टी चिकटवते. काढते. अर्धी कापते.
परत बोटांवर.
उजवा पंख अजून कलतोय,
म्हणून डाव्याच्या टोकाला टेपखाली
एक चवन्नी, बाजारातून कधीच उठलेली.

आता विमान बोटांवर आडवं राहतं.
नाक जरासं, अगदी जरासं खाली,
नवी सून पाहुण्यांसमोर उभी राहते तसं.
एवढं चालतं. एवढं हवंच.

रविवारी तिघऱ्याच्या वाटेवर, मोहरीच्या कडेला.
महाराजपुऱ्याची जेट विमानं इथून
नुसती ऐकू येतात, तीही उशिरा.
धुकं विरायला दहा वाजले.
हातातून सोडलं.
वर गेल्यावर
दोन्ही स्टिकवरचे अंगठे उचलले.

मोहरीवरून, बाभळींवरून,
पंपाच्या खोलीवरून
सरळ जात राहिलं
कुणीच न धरलेलं.

संध्याकाळी फोनवर दादा म्हणाला,
किती लागलं गं?
अठरा ग्रॅम, म्हटलं मी,
आणि चार आणे.