उसने दोन शार्प

टॉडमॉर्डनला नोव्हेंबरात चार वाजताच अंधारतं.
मी हीटर लावते, पियानोचं झाकण उघडते,
आणि एलिस सटक्लिफ, वय वर्षे दहा,
फुटबॉलच्या चिखलासकट दारात उभा.
बूट बाहेर. हात धुऊन ये. गरम पाण्यानं.
मंगळवारची नांदी एवढीच.

ए मायनर. उजवा हात.
एक दोन तीन, आणि अंगठा खालून.
खालून रे, बोगद्यातून गाडी जाते तसा.
कोपर उडवू नकोस, तू कोंबडी नाहीस.
तो हसतो. हसला की अंगठा अडकतो.
पुन्हा एक दोन तीन.

भिंतीपलीकडे क्रॅबट्री आजोबा टीव्ही मोठा करतात.
बारा वर्षांत त्यांची तक्रार एकच:
"तुमच्या त्या बी फ्लॅट मायनरात
कुणीतरी रोज एकाच जागी पडतं."
खरं होतं.
मुलं गेल्यावर मीच पडायचे.

आर्पेजिओचं निराळं.
स्केल हा जिना, डोळे मिटूनही चढता येतो.
आर्पेजिओ म्हणजे ओढ्यातले दगड,
नजर आधी पुढच्या दगडावर पोचली पाहिजे,
मग पाय.
एलिसची नजर बोटांवर,
आणि बोटं बिचारी त्याच्याकडे बघत बसलेली.
दर आठवड्याला भिजतो.

आज मात्र त्यानं मधेच हात उचलले.
"मेलोडिकमध्ये वर जाताना एफ शार्प, जी शार्प.
खाली येताना दोघंही नाहीत. कुठं गेले?"

पुस्तकात तसं आहे, म्हणाल्या होत्या
लीड्सच्या माझ्या बाई, पेन्सिलीनं टकटक करत.
मिरजेत वडील म्हणाले असते,
अगं आरोह वेगळा, अवरोह वेगळा, त्यात विचारायचं काय,
आणि पेटीच्या पोटात वाकून
पुन्हा पितळी पत्ती घासत बसले असते.

मी म्हटलं, हे बघ,
वरच्या ए पर्यंत पोचायचंय
आणि घरात आहे त्यात भागत नाही.
मग आपण वाटी घेऊन शेजारी जातो.
"वाटी?"
साखरेला. दोन वाट्या उसन्या आणल्या,
काम झालं, उतरताना ज्याच्या त्याला परत.

तो बराच वेळ काळ्या पट्ट्यांकडे बघत राहिला.
"आणि हार्मोनिक मायनर?"
ती एकच वाटी आणते,
आणि परत द्यायचं नावच काढत नाही.
"चोर," एलिस म्हणाला,
आणि जी शार्पवर पहिल्यांदाच नेमकं,
मांजराच्या पावलानं,
बोट ठेवलं.

पावणेसहाला आई आली, पार्सलांची गाडी चालूच ठेवून.
बूट हातात घेऊन तो मोज्यांवर पळाला.
पायपुसण्यावर चिखलाच्या खपल्या,
वहीत माझ्याच अक्षरात: डावा हात वेगळा, सावकाश, रोज.

रात्री भावाचा फोन.
तिसऱ्या वाक्याला माझ्या जिभेवरचं
सगळं यॉर्कशायर गळून पडतं,
"व्हय की", मी म्हणते, "न्हाई रे",
कुठल्या पायरीला उतरायला लागले
माझं मलाच कळत नाही.
कधी येणार, तो विचारतो. म्हणजे कायमची.
मी म्हणते, परीक्षा आहेत मुलांच्या मार्चात.
तो म्हणतो, तुला कुठं मुलं आहेत.
मग दोघंही पावसाबद्दल बोलतो, इथल्या.

वाटी रिकामी परत करायची नसते,
चार शेंगा तरी घालायच्या,
हे एलिसला सांगायचं राहिलंच.

साडेनऊ. मधलं पेडल दाबून, आवाज लोकरीत गुंडाळून,
बी फ्लॅट मायनर, दोन्ही हात.
भिंतीपलीकडे टीव्ही बंद होतो.
म्हातारा ऐकतोय,
आज पडते का बघायला.