दहा फुटांवरून

मुनव्वर म्हणला, दहा फूट मागं सरा साहेब,
आता दिसायलाय का?
पण माझी खोलीच नऊ फुटांची.

वसमत रोड नव्या काचेत नीट मावला होता,
पाण्याची टाकी, केबल, समोरच्यांच्या शेवया वाळत घातलेल्या,
अन् मधूनच तो ओरखडा, केसाएवढा,
सकाळी सातला ऊन आलं की तारेसारखा पेटणारा.
बायको म्हणली, पडदा लावू की.
मग खिडकी कशाला केली?

सातशे रुपये अडवून ठेवले.
तो काही बोलला नाही, टेप गुंडाळला.
त्याचं पोरगं खाली स्कूटरवर बसून होतं,
करंगळीला पट्टी.

रात्री चौकटीवरून हात फिरवला.
सिलिकॉन ओलं असताना कुणाचातरी अंगठा टेकलेला,
लहानसा,
रेषान् रेषा उमटलेली.
रजिस्ट्री ऑफिसात मी दिवसभर हेच घेतो,
शाईत बुडवून, दाबून, डावा.
हा न मागता दिलेला.

ब्लेडनं निघाला असता.
ब्लेड घरात होतं.

सातशे अजून खिशातच आहेत.
सात वाजले की चहा घेऊन
खुर्ची थोडी डावीकडं सरकवतो.