दुसरी किल्ली

दहा पैशाचं जुनं नाणं फटीत घालून पिळलं
तेव्हा रिमोट शिंपल्यासारखा उघडला.
आत मळ, एक पांढरा केस,
आणि चपटा सेल, त्यावर कोरलेलं २०३२.
मला वाटलं, साल.
तपकीर गल्लीतला पोरगा हसलासुद्धा नाही.
म्हणाला, माप आहे काका,
वीस मिलिमीटर रुंद, तीन पॉइंट दोन जाड.
तीस वर्षं जमिनी मोजल्या मी
आणि समोर आलेलं माप ओळखलं नाही.

पस्तीस रुपये. पावती मागितली, मिळाली नाही.

नवा सेल बसला, लाल दिवा लागला,
पहिल्या दिवसाच्या क्लार्कसारखा तत्पर.
गाडी ढिम्म.
कर्वेनगर, पार्किंग नंबर अकरा.
मी दहा पावलांवरून दाबतोय, मग दोन,
मग काचेला टेकवून,
आणि वॉचमन काळे पाइप हातात तसाच धरून बघतोय,
पाणी शेजारच्यांच्या ॲक्टिव्हावर.

सेल किती वेळ बाहेर होता, नाना पेठेतल्या तौफिकनं फोनवर विचारलं.
रात्रभर. बशीत.
मग ओळख गेली, म्हणाला, नव्यानं करून द्यावी लागेल.
आत बसा, दारं लावून घ्या.
किल्ली घाला, काढा, घाला, काढा,
सहा वेळा, दहा सेकंदांच्या आत.
दिवे दोनदा मिचकतील.
तेव्हा चालूवर फिरवून बटण दाबा, कुठलंही.
आणि दुसरी किल्ली असेल तर तीही लगेच, त्याच बैठकीत.
गाडी नवी यादी लिहिते ना साहेब,
जुनी फाडून टाकते.
आहे ना दुसरी?

दुसरी लोणकरकडे. वारज्याला,
बहुतेक त्याच ड्रॉवरमध्ये, ओळंब्याशेजारी.
भागीदारी मोडली तेव्हा सगळ्याची वाटणी झाली:
टोटल स्टेशन त्याला, गाडी मला,
ट्रायपॉड एकेक,
नकाशांची नळकांडी तालुक्यांप्रमाणे,
मुळशी त्याचा, हवेली माझा.
चहाचा थर्मासदेखील यादीत होता.
किल्ली राहिली.
त्यानं दिली नाही, मी मागितली नाही.
बावीस वर्षं आम्ही भावाभावांना
बांधावर उभं करून सांगत आलो, इथपर्यंत तुमचं;
आणि पिरंगुटच्या एका हद्दीत अडीच फूट
कुणाच्या टेपनं खाल्ले
ते आमचं आम्हाला ठरवता आलं नाही.

नाही, मी म्हणालो. एकच आहे.

पहिल्यांदा बोटं कमी पडली.
दुसऱ्यांदा मोजण्यात चुकलो, पाच की सहा.
तिसऱ्यांदा दिवे मिचकले, दोनदा,
मी अंगठा दाबला
आणि चारी दारं एकदम बोलली: टक्.
काळे म्हणाला, झालं की हो साहेब!
मी काच खाली केली, वर केली, उगाचच.

नऊ दिवसांनी रात्री फोन वाजला.
दीड वर्षात पहिल्यांदा ते नाव स्क्रीनवर.
गाडी प्रभात रोडला होती का रे दुपारी, बेकरीसमोर?
तिरकी लावलेली.
होती.
वाटलंच. तिरकी म्हणजे तूच.
मागे कुणाचा तरी कुकर शिट्टी देत होता.
जाता जाता बटण दाबलं मी, म्हणाला, सवयीनं.
काहीच झालं नाही.
मी थांबलो. तोही थांबला.

सेल संपला असेल, मी म्हणालो.

असेल, तो म्हणाला.
मग जरा वेळानं:
कुठला घालतात त्यात?
वीस मिलिमीटर रुंद, मी म्हणालो,
तीन पॉइंट दोन जाड.
तो उतरवून घेत होता, मला ऐकू येत होतं,
कागदावर पेन्सिल.
लोणकर पेनानं कधीच लिहीत नाही,
खोडता यावं म्हणून.